तण फुलोऱ्याआधी, कीड अंड्यात असताना : परसबागेची राखण

सकाळी सात-साडेसातला, ऊन तिरपं असताना वांग्याच्या वाफ्यासमोर उभं राहायचं. सगळी झाडं टवटवीत आहेत आणि एकाच फांदीचा शेंडा मान टाकून बसलाय, असं दिसलं तर ते पाण्याचं दुखणं नाही. शेंड्यात अळी शिरली आहे. कोमेजल्या जागेच्या इंचभर खाली शेंडा कापून उभा चिरला, की आत फिकट गुलाबी अळी सापडते. त्याच दिवशी खुडलं तर एका अळीवर काम भागतं. पंधरा दिवस हात लागला नाही, तर ती पोसते, खाली उतरून पालापाचोळ्यात कोष करते आणि त्यातून निघालेली मादी शंभरावर अंडी घालते.

घरामागच्या अर्ध्या गुंठ्यात, म्हणजे साधारण पाचशे चौरस फुटांत, मी बरीच वर्षं भाजी करते आहे. रासायनिक फवारा नाही की तणनाशक नाही. एवढ्या वर्षांत पटलेली गोष्ट एकच : कोणता अर्क फवारला याहून तो कोणत्या दिवशी फवारला, हे जास्त महत्त्वाचं. तणाचंही तेच. फुलाआधी उपटलेलं तण खत होतं, बी पडल्यावर उपटलेलं तण पुढची कित्येक वर्षं उगवत राहतं. खालचा सगळा मजकूर याच वेळापत्रकाचा आहे.

पेरणीच्या आधी पंधरा दिवस

बागेतलं निम्मं तण आपणच विकत आणतो, अर्धवट कुजलेल्या शेणखतातून. जनावरानं खाल्लेल्या गवताचं बी शेणात शाबूत राहतं आणि उकिरड्यात हुमणीही वाढते. खताची पाटी उतरवून घेण्याआधी मूठभर हातात घ्या. शेणाचा वास येत असेल, ढिगात हात घातल्यावर ऊब लागत असेल, काडी ओळखू येत असेल, तर ते खत तयार नाही. चांगलं खत काळपट, भुसभुशीत असतं आणि त्याला पावसाळी मातीचा वास येतो. पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली जाड अळी दिसली तर ती हुमणी. खत उन्हात पसरून ती वेचून काढा. कोंबड्या असतील तर हे काम त्या करतात.

वाफा तयार झाला की लगेच बी टाकू नका. आधी एक पाणी द्या आणि आठ-दहा दिवस थांबा. मातीच्या वरच्या थरातलं तणाचं बी या पाण्यावर उगवून येतं. ते दोन पानांवर असताना खुरप्याच्या पात्यानं वरची इंचभर माती नुसती खरवडा आणि मग भाजी पेरा. खरवडताना खोल जायचा मोह होतो. खोल खणलं की खाली दडलेलं नवं बी वर येतं आणि सगळा खटाटोप वाया जातो. मेथी, कोथिंबीर, पालक, गाजर अशा दाट पेरायच्या भाज्यांना ही युक्ती फार उपयोगी पडते, कारण तिथं नंतर खुरपं घालायला जागाच उरत नाही.

एप्रिल-मेमध्ये एखादा वाफा रिकामा असेल तर उन्हाकडून काम करून घ्या. वाफा सपाट करून भरपूर पाणी द्या, वर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून अंथरा आणि चारही कडा मातीत पुरून टाका. चार ते सहा आठवडे हलवू नका. प्लास्टिक पारदर्शकच हवं, काळ्याखाली माती इतकी तापत नाही. बरंचसं बी, काही बुरशी आणि सूत्रकृमी (मुळांना लागणारे अतिबारीक कृमी) या उष्णतेनं मरतात. लव्हाळा मात्र यालाही पुरून उरतो.

भांगलण कधी करायची

आमच्याकडे सातारा भागात भांगलण म्हणतात, कुठे निंदणी, कुठे खुरपणी, कोकणात बेणणी. शब्द कोणताही असो, ती वापशावर करायची, म्हणजे माती चिखलही नाही आणि कडकही नाही अशी असताना. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. पडून फुटला तर वापसा आहे. माती हाताला चिकटत असेल तर घरात परत या, चिखलात बसलात तर तण मुळासकट येत नाही आणि वाफाही तुडवला जातो. माती कडक असेल तर मूळ आत तुटतं. पाऊस किंवा पाणी झाल्यावर एक-दोन दिवसांनी सकाळी तण काढावं, म्हणजे उपटलेलं दुपारच्या उन्हात वाळून जातं. पाऊसकाळात उपटलेलं तण वाफ्यातच सोडलं तर रात्रीत पुन्हा मूळ धरतं.

बी पेरल्यापासूनचे पहिले तीस-चाळीस दिवस सगळ्यांत महत्त्वाचे. या काळात वाफा स्वच्छ राहिला तर पुढे भाजीचीच सावली तणाला दाबते. म्हणून पंधराव्या-विसाव्या दिवशी पहिली भांगलण आणि पस्तीस-चाळीसच्या आसपास दुसरी, या दोन चुकवू नका. नंतर एखादी राहिली तरी चालते.

एकेका तणाची खोड

सगळं तण एकाच हातानं उपटून चालत नाही, प्रत्येकाची वाढायची रीत वेगळी आहे.

लव्हाळा सगळ्यांत चिवट. वरची हिरवी पाती ओढली की ती अलगद हातात येतात आणि काम झाल्यासारखं वाटतं. खाली मात्र काळपट गाठ तशीच राहते. मी एकदा कुदळीनं वीतभर खणून एक लव्हाळा पुरा उकरला. एका गाठीतून तारेसारखं बारीक मूळ निघालं होतं, त्याच्या टोकाला दुसरी गाठ, तिथून पुढे तिसरी, अशी माळ वांग्याच्या मुळांखालून पलीकडच्या वाफ्यात गेली होती. वरून उपटलं की या माळेतल्या झोपलेल्या गाठी जाग्या होतात आणि एकाच्या जागी चार पाती वर येतात. त्यावर दोनच उपाय मला लागू पडले. उन्हाळ्यात वाफा खोल खणून गाठी वर काढायच्या आणि कडक उन्हात कोरड्या मातीवर खडखडीत वाळू द्यायच्या. वाळलेली गाठ मरते. आणि पिकाच्या दिवसांत दर दहा-पंधरा दिवसांनी, नवं पातं पाच-सहा पानांचं व्हायच्या आत, खुरप्याचं टोक घालून गाठीसकट काढायचं. पानं वाढू दिली की ती नव्या गाठी बनवायला लागतात. वाढू दिली नाहीत तर गाठ साठवलेल्यावर जगते आणि हळूहळू रिती होते. एका हंगामात लव्हाळा जात नाही. माझ्या वाफ्यात तिसऱ्या वर्षी तो खरा विरळ झाला. त्याची गाठ कंपोस्टात कधीही टाकू नका.

हराळीचं तुटलेलं प्रत्येक पेर नवं रोप होतं, म्हणून ती कोयत्यानं छाटू नका, काट्यानं माती सैल करून लांबच लांब ओढून काढा. बांधाकडून ती सारखी आत येते. वाफ्याच्या कडेनं वीतभर खोल चर ठेवला आणि तो दर महिन्याला साफ केला तर तिथंच अडते.

केना आणि घोळ यांना मी तण म्हणताना थोडी थांबते, कारण दोन्ही खायच्या भाज्या आहेत. घोळ डाळीत घालून सुरेख लागतो, केन्याच्या पानांची भजी होतात. पावसाळ्यात आमच्या ताटात येणारा निम्मा हिरवा पाला भांगलणीचाच असतो. पण वाफ्यात त्यांना मोकळं सोडू नका. केना जमिनीखालीही फुलं धरतो आणि तिथंच बी करतो, म्हणून तो मुळासकटच निघाला पाहिजे. घोळाचा मांसल तुकडा ओल्या मातीवर पडला तर रुजतो, आणि उपटल्यावरही त्याची बोंडं पिकून बी सांडतं. हे दोन्ही काढले की दगडी फरशीवर वाळवायचे, मगच खतात.

गाजरगवताला उघड्या हातानं शिवू नका. कातडीला खाज सुटते, फोड येतात, परागांनी काहींना दमा उठतो. 1950 च्या दशकात पुण्यात ते पहिल्यांदा नजरेत भरलं आणि आज देशभर आहे. एक झाड हजारोंनी बी करतं. पांढरी फुलं दिसायच्या आत, हातमोजे घालून, ओल्या मातीतून मुळासकट उपटा. फुलाआधीचं गाजरगवत कंपोस्टात चालतं, फुललेलं अजिबात नाही.

राहिलेलं किरकोळ तण, दुधी (भोपळा नव्हे, चिकाचं तण), एकदांडी, माठ, खुरप्यानं सहज जातं.

मीठ शिंपडून तण जाळायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिला जातो. ते करू नका. तण मरतं खरं, पण मीठ मातीतच राहतं आणि तिथं नंतर मेथीसुद्धा धड येत नाही.

आच्छादन

भांगलण झाली की उघडी माती झाका. उसाचं पाचट, भाताचा पेंढा, वाळका पालापाचोळा, नारळाच्या झावळ्यांचे तुकडे, जे जवळ मिळेल ते. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात तीन इंच थर द्या. खाली वर्तमानपत्राचे चार-पाच कागद भिजवून अंथरले तर तण आणखी दबतं. खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर बुंधा कुजतो. पावसाळ्यात हाच थर इंचभरावर आणा, कारण जाड ओल्या पाचटाखाली गोगलगायी राहायला येतात. बी धरलेलं गवत आच्छादनाला वापरू नका.

पाणी सगळ्या वाफ्यावर सोडण्यापेक्षा झाडाच्या बुंध्याशी दिलं, तर मधल्या कोरड्या जागेत तण फारसं उगवतच नाही.

आधी मित्रकिडी ओळखा

फवारा हातात घ्यायच्या आधी एक भिंग घ्या. चवळीच्या शेंड्यावर काळा मावा दिसला की त्याच्या आसपास नीट बघा. मगरीसारख्या आकाराची, काळी, अंगावर नारिंगी ठिपके असलेली लहानशी अळी मावा खाताना दिसेल. ती लाल ढालकिड्याची अळी. दिसायला ती भयंकर असल्यामुळे पुष्कळ लोक तिलाच आधी चिरडतात. मीही पहिली दोन वर्षं चिरडत होते आणि मावा का हटत नाही म्हणून चिंता करत होते. पानाखाली उभी रचलेली पिवळी अंडी त्याच ढालकिड्याची असतात. केसासारख्या बारीक देठाच्या टोकावर एकेकटं पांढरट अंडं दिसलं तर ते क्रायसोपाचं, म्हणजे जाळीदार पंखांच्या एका हिरव्या किड्याचं, त्याचीही अळी मावा खाते. माव्याच्या घोळक्यात काही किडे फुगून तपकिरी, कागदासारखे कोरडे झालेले असतात. त्यांच्या आत एक बारीक गांधीलमाशी वाढते आहे. असा शेंडा तोडू नका, फवारू नका, चार-पाच दिवस द्या.

या मित्रांना बागेत टिकवायचं तर फुलं लागतात. कोथिंबीर, बडीशेप, मोहरी यांची दोन-दोन झाडं काढून न टाकता फुलू द्या. त्यांच्या बारीक फुलांवर हे किडे मध खायला येतात. टोमॅटोच्या कडेनं झेंडू लावा. टोमॅटो पोखरणाऱ्या घाटेअळीचा पतंग झेंडूच्या कळ्यांवरही अंडी घालतो, म्हणजे टोमॅटोवरचा भार हलका होतो, आणि झेंडूच्या मुळांमुळे सूत्रकृमीही कमी होतात. पतंग झेंडूकडे वळावा म्हणून झेंडूची रोपं टोमॅटोपेक्षा दोन-तीन आठवडे जुनी हवीत, म्हणजे टोमॅटो फुलायला लागतो तेव्हा झेंडूही कळ्यांवर येतो. कोबीच्या कडेला मोहरीची ओळ याच कारणानं लावतात, ज्याच्या अळ्या पानं खातात त्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगाला ती आधी ओढून घेते. ओढून घेतल्यावर त्या मोहरीवरच्या अळ्या मारायला विसरू नका, नाहीतर आपणच किडीला आणखी एक घर बांधून दिलं असं होतं.

हातानं जाणारी कीड

वांग्याचं सुरुवातीला सांगितलं. अंड्यातून निघालेली अळी थोड्याच वेळात शेंड्यात किंवा फळात शिरते, मग बाहेरून कितीही फवारा, आत काही पोचत नाही. म्हणून आठवड्यातून दोनदा वाळके शेंडे आणि भोक पडलेली वांगी तोडायची, साबणाच्या पाण्यात बुडवायची किंवा जाळायची. तोडून तिथंच बांधावर टाकली तर अळी चालत मातीत जाते. वांग्याची झाडं संपली की उपटून लगेच हलवा, त्याच जागी पुन्हा वांगी लावू नका. ज्यांची आठ-दहाच झाडं आहेत त्यांनी लागवडीपासून बारीक जाळीचा मांडव केला तर पतंगाला आत येताच येत नाही. वांग्याचं फूल स्वतःच्याच परागानं फळ धरतं. जाळीत वारा कमी असेल तर सकाळी फांद्या हलक्या हातानं हलवा.

दोडका, कारली, दुधी, काकडी यांना फळमाशी छळते. बोटाएवढ्या फळाला ती टोचते, तिथून डिंकासारखा थेंब येतो, फळ वाकडं होतं आणि आत पांढऱ्या अळ्या पडतात. फूल सुकून फळ धरल्या धरल्या त्याला कागदाची किंवा जुन्या सुती कापडाची पिशवी बांधा. पिशवीसारखा दुसरा उपाय नाही. वेलभाज्यांसाठी क्यू ल्यूर या वासाच्या आमिषाचा सापळा मिळतो, तो लावा, पण त्यात फक्त नर अडकतात, टोचणारी मादी मोकळीच राहते. किडलेली फळं घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर उन्हात ठेवा, किंवा दीड-दोन फूट खोल पुरा. उघड्या खड्ड्यात टाकलेलं किडकं कारलं म्हणजे पुढच्या आठवड्याच्या माश्या.

वेलांच्या कोवळ्या रोपांवर लाल भुंगेरे येतात आणि पानं चाळणीसारखी करतात. पहाटे गारठ्यात ते सुस्त असतात, तेव्हा साबणाच्या पाण्याच्या वाटीत टिपून टाका. दवानं ओल्या पानांवर चुलीची चाळलेली राख भुरभुरवणं हा जुना उपाय आजही चालतो. पावसानं धुतली की पुन्हा टाकायची.

गोगलगायींना कमी लेखू नका. 2022 च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिव भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं शेतंच्या शेतं खाऊन टाकली होती. बागेत संध्याकाळी ओलं गोणपाट वाफ्याच्या कडेला पसरून ठेवा. रात्रभर चरून त्या पहाटे त्याखाली गोळा होतात. हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या घट्ट पाण्यात बुडवा. त्यांच्या अंगात माणसाला अपाय करणारे कृमी असू शकतात, म्हणून मुलांना वेचायला लावू नका आणि चिकट रेघा दिसलेला पाला नीट धुऊन, शिजवूनच खा.

भेंडीची पानं हिरव्यावर पिवळ्या शिरांची जाळी धरायला लागली की तो केवडा, पांढऱ्या माशीनं पसरवलेला विषाणू. त्यावर औषध नाही, झाड उपटा. परभणी क्रांती हे वाण परभणीच्या कृषी विद्यापीठानं केवड्याला तग धरेल असंच काढलं होतं. आता तेही कधीकधी बळी पडतं, तरी घरगुती बागेला मी तेच घेते. पिवळे चिकट सापळे पांढऱ्या माशीसाठी आणि माव्यासाठी, निळे फुलकिड्यांसाठी. पिवळा रंग दिलेल्या डब्याच्या झाकणाला एरंडेल फासलं तरी तेच काम होतं. उन्हाळ्यात पानाखाली बारीक जाळं आणि लाल ठिपके दिसले तर ती लाल कोळी ही कीड, पानाच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा दोन-तीन दिवस सलग मारा.

फवारायचंच असेल तर

माव्याला आणि पिठ्या ढेकणाला साबणपाणी पुरतं. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम साधा अंगाचा किंवा खादीचा साबण किसून विरघळवा, थेट किडीवर पडेल असा फवारा, तासाभरानं साध्या पाण्यानं धुवा. कपड्याची पावडर चालणार नाही, पानं करपतात. माव्याबरोबर मुंग्यांची रांग असेल तर ती आधी तोडा. माव्याच्या गोड चिकट पाझरासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि ढालकिड्याला जवळ येऊ देत नाहीत.

अळ्या, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यासाठी पाच टक्के निंबोळी अर्क. कृषी विद्यापीठं शेतकऱ्याला सांगतात त्याचंच हे घरगुती माप : 50 ग्रॅम निंबोळीच्या वाळलेल्या बियांची भरड पूड कापडात सैल बांधून अर्धा लिटर पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी पुरचुंडी त्याच पाण्यात पिळत राहा, पाणी दुधासारखं होईपर्यंत. दुहेरी कापडातून गाळा, एक-दोन ग्रॅम साबण घाला, एकूण एक लिटर करा. संध्याकाळी उन्हं उतरल्यावर पानाच्या खालच्या बाजूनं फवारा. त्यातला कडू अंश उन्हात लवकर मोडतो, म्हणून दुपारचा फवारा वाया जातो. मधमाश्याही तोवर परतलेल्या असतात. अर्क त्याच दिवशी संपवा.

दुसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली म्हणून धीर सोडू नका. निंबोळी अळीला जागच्या जागी मारत नाही. तिचं खाणं कमी होतं, कात टाकणं बिघडतं, आणि चार-पाच दिवसांनी फरक दिसतो. लहान अळीवर ती चालते, बोटाएवढ्या झालेल्यावर फारशी नाही. आठवड्यानं दुसरी फवारणी करा. कीड नसताना सवयीनं फवारू नका, मित्रकिड्यांच्या पिल्लांनाही तिचा त्रास होतो. फवारणीनंतर भाजी दोन-तीन दिवसांनी, धुऊन वापरा.

दशपर्णी, म्हणजे दहा झाडांच्या पाल्याचा आंबवलेला अर्क, शेतात चांगलं काम करते, पण कण्हेर आणि रुई घातलेलं पिंप घरच्या अंगणात महिनाभर आंबत ठेवावं, असं मला वाटत नाही. मुलं असतील तर नकोच. तंबाखूचं पाणीही नको. निकोटीन माणसालाही विषारी आहे आणि तंबाखूतून मोझॅक रोग टोमॅटो-मिरचीवर येऊ शकतो.

निंबोळ्या बाजारातून आणू नका. जूनच्या सुरुवातीला पिकून पिवळ्या झाल्या की झाडाखाली सकाळी चादर अंथरा, रोजच्या रोज वेचा, पाण्यात चोळून वरचा गर काढून टाका आणि बी सावलीत खडखडीत वाळवा. बुरशी लागलेली बी बाजूला काढा. कापडी पिशवीत भरून हवेशीर जागी टांगा, प्लास्टिकमध्ये घाम धरून ती खराब होते. दोन किलो बी अर्ध्या गुंठ्याला वर्षभर पुरतं. वर्ष उलटलं की उरलेलं कुटून वाफ्यात घाला आणि नवं वेचा.